त्याचे जेवण वजा करून

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही. मेलबर्नच्या उत्तर टोकाला, क्रेगीबर्नच्याही पलीकडे, नव्या वसाहतींसाठी आखलेल्या एका रुंद, सरळ रस्त्याच्या कडेला एक तरुण मुलगा पडलेला सापडला. घरी जेवण पोचवणारा डिलिव्हरीवाला. विजेवर चालणारी त्याची सायकल गवतात लांब फेकली गेली होती आणि तिचा मागचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

मी मूळचा साताऱ्याचा. या देशात विद्यार्थी म्हणून आलो, टॅक्सी चालवली, मग पोलिसात शिरलो. बरीच वर्षे गस्तीच्या गाडीत काढल्यावर गंभीर अपघातांचा तपास करणाऱ्या पथकात आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पत्नी गेल्यापासून माझे लिहिणे फार हळू चालते. एक परिच्छेद लिहितो, वाचतो, उठून खिडकीशी जातो. ती असती तर म्हणाली असती, ‘जबाब नोंदवल्यासारखं लिहू नका हो.’ पण मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

या लेखात मी कुणाचे नाव देणार नाही आणि पैशाचा आकडाही देणार नाही. नावे न देण्याचे कारण उघड आहे. आकडा अशासाठी देत नाही की तो वाचला की माणूस लगेच तो कमी की जास्त याचा विचार करू लागतो. मीही केला होता.

महामारीचे ते पहिले वर्ष. मेलबर्नमध्ये कडक टाळेबंदी होती. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचे नाही, संध्याकाळ उलटली की संचारबंदी. आमच्या ठाण्याचे पुढचे दार बंद असायचे. सकाळची हजेरी आम्ही मागच्या पार्किंगमध्ये, दीड मीटर अंतर राखून, थंडीत कुडकुडत घ्यायचो. लोकांना वाटते टाळेबंदीत अपघात थांबले असतील. संख्या घटली हे खरे, पण जे झाले ते भयंकर झाले. मोकळा रस्ता दिसला की भली माणसेही ॲक्सिलरेटर दाबतात.

बाकी सगळे आयुष्य पडद्यावर आले होते. आमच्या मराठी मंडळाच्या बैठका, भजने, व्याख्यानेही. त्या हिवाळ्यात मूळच्या पुण्याच्या, आता इथेच राहणाऱ्या एका अभियंत्याने मंडळासाठी ‘महामारी आणि अर्थकारण’ या विषयावर ऑनलाइन व्याख्यान दिले होते. टाळेबंदीने किती जीव वाचतात, त्यासाठी किती खर्च येतो, एका जिवामागे किती खर्च करणे परवडते, असा सगळा हिशेब. तो मुलगा बोलायचा छान. मी आणि पत्नी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऐकत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “याला कुणीतरी आठवडाभर दवाखान्यात बाकावर बसवा.” मी हसलो होतो.

रस्त्याकडेला सापडलेल्या त्या मुलाकडे परत येतो. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईंना तो दिसला आणि त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. वाटेतच तो गेला. तो मिरजेचा होता. इथल्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, शिकत होता. कॅफेतली नोकरी टाळेबंदीत गेली तेव्हा सायकलवर डिलिव्हरी करू लागला होता. घटनास्थळी आम्हाला हेडलाइटचे फुटलेले प्लास्टिक आणि सायकलच्या दांडीवर राखाडी रंगाचा ओरखडा मिळाला. कॅमेरा नव्हता, साक्षीदार नव्हता. आजूबाजूची घरे अजून अर्धवट बांधलेली होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट सांगितली. धडकेनंतर तो बराच वेळ जिवंत होता. वेळेवर मदत मिळाली असती तर बहुधा वाचला असता.

मृत्यूची बातमी फोनवर द्यायची नाही, दारात जाऊन द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. पण मिरजेच्या दारात आमच्यापैकी कोण जाणार? तिथल्या पोलिसांनी आधी एक माणूस घरी पाठवला, मग मी फोन केला. मुलाचे वडील पूर्वीच वारले होते. आई खानावळ चालवायची. बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “साहेब, त्याला घरी आणा. बाकी मला काय नको.”

त्या वेळी ही लहान मागणी नव्हती. प्रवासी विमाने जवळजवळ बंद होती. मालवाहू विमानात शवपेटीला जागा मिळणे फार कठीण, आणि मिळाली तरी खर्च अफाट. मी त्यांना काही वचन दिले नाही. तपास करणाऱ्याने वचन देऊ नये. पण त्या रोज फोन करायच्या आणि तेच विचारायच्या, “काय झालं, साहेब? जागा मिळाली का?” मग एकाएकी त्यांचे फोन बंद झाले.

त्यानंतर एका दुपारी मंडळातल्या एका काकांचा फोन आला. हे काका सत्तरीचे, या देशात फार पूर्वी आलेले. टाळेबंदीत अडकलेल्या विद्यार्थ्यांना किराणा पोचवणे, म्हाताऱ्यांची औषधे आणणे, कुणाच्या घरभाड्यासाठी मालकाशी बोलणे, हे सगळे ते एकहाती करत होते. त्यांच्याविषयी मला आदर होता. तो आजही पूर्ण गेलेला नाही, हीच अडचण आहे.

“साहेब, जेवलात का?”

“झालं. बोला काका.”

“एक चांगली बातमी देतो. त्या मिरजेच्या पोराचं प्रकरण मिटलं.”

“मिटलं म्हणजे?”

“म्हणजे दोन्हीकडची मंडळी समाधानी आहेत. पोराची पेटी कार्गोने घरी जाईल, तशी सोय झालीय. आईला रक्कम मिळेल. काही मिळालीसुद्धा. सगळं आपल्या आपल्यात. तुम्ही फक्त फाइल जरा थंड होऊ द्या.”

मी जागेवरून उठून दार लावून घेतले.

“काका, दुसरीकडची मंडळी म्हणजे कोण?”

“ते नका विचारू. चांगल्या घरचा मुलगा आहे. पीआर, इथे कायम राहायचा परवाना, अगदी तोंडावर आलाय, दोन लहान लेकरं आहेत. एक जीव गेला तो गेला. आता दुसऱ्याचा संसार मोडून काय मिळणार? मी त्या बाईंनाही हेच सांगितलं. पटलं त्यांना.”

“हे तुम्ही मला का सांगताय?”

“म्हणजे काय! तुम्ही आपले. परक्याला सांगितलं असतं का मी?”

पोलिसाच्या नोकरीत खबर अनेक तऱ्हांनी मिळते. रागाने, भीतीने, बक्षिसाच्या आशेने, कधी नुसत्या कंटाळ्याने. चांगले काम केल्याच्या समाधानाने, शाबासकी मिळेल या खात्रीने दिलेली खबर मला आयुष्यात एवढी एकच मिळाली. काकांच्या मनात पाप नव्हते. आपल्याकडे चार शहाणी माणसे बसून मिटवतात तसे त्यांनी मिटवले होते आणि पोलिसाला कळवणे हा त्या मिटवण्याचाच भाग समजले होते. गावाकडे फौजदाराला कळवतात तसे.

मी त्याच दुपारी आमच्या वरिष्ठ बाईंकडे गेलो आणि सगळे सांगितले. काका माझ्या ओळखीचे आहेत, तेव्हा मला तपासातून बाजूला करायचे असेल तर करा, असेही सांगितले. त्या इथल्याच, जन्माने ऑस्ट्रेलियन. त्यांनी मास्क खाली ओढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“थांब. म्हणजे गुन्हा दडपलाय हे त्या माणसाने पोलिसालाच फोन करून सांगितलं?”

“हो.”

“का?”

“कारण तो पोलीस मराठी आहे.”

“मेट,” इथे मित्राला म्हणतात तसे त्या म्हणाल्या, “तुझी माणसं एक तर फार भोळी आहेत, नाही तर फार धीट.”

भाषेसाठी माझी गरज होती म्हणून मला ठेवले, पण प्रत्येक चौकशीला दुसरा अधिकारी हजर राहील अशी अट घातली. ती योग्यच होती.

काकांना ठाण्यात बोलावले. मास्क, मफलर, हातात सॅनिटायझरची बाटली. त्यांनी नाव सांगायला साफ नकार दिला. मी शब्द दिलाय, एवढेच म्हणत राहिले. हा इथे गंभीर गुन्हा आहे, न्यायाच्या कामात अडथळा आणणे म्हणतात, तुम्हालाही शिक्षा होऊ शकते, हे मी मराठीतून समजावले. त्यांचा चेहरा पडला.

“मी यात एक डॉलर तरी खाल्ला का?”

“नाही, काका. कुणी तसं म्हणत नाही.”

“मग गुन्हा कसला? दोन रडणारी घरं होती, दोघांचं रडू थांबवलं.” आणि जाताना दारात वळून म्हणाले, “मला वाटलं होतं तुम्ही आपले. तुम्ही तर पोलीसच निघालात.”

त्यांच्या फोनच्या नोंदी आम्ही रीतसर मागवल्या. पण मदतकार्यामुळे ते रोज अर्ध्या मराठी मेलबर्नला फोन करत होते. त्या ढिगातून काही हाती लागेना.

आता उरली आई. मी त्यांना व्हिडिओवर फोन केला. त्या खानावळीच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मागे मोठाली पातेली पालथी घातलेली. मिरजेतही तेव्हा सगळे बंदच होते.

“ताई, तुम्हाला इथून कुणाचा फोन आला होता का? पैशांबद्दल, पेटीबद्दल?”

“नाही.”

“नक्की?”

“मला कुणाचा फोन आलेला नाही, साहेब.”

खोटे बोलणारे नजर चुकवतात असे लोक समजतात. सराईत नसलेला माणूस, एखादी गोष्ट वाचवण्यासाठी खोटे बोलतो तेव्हा, उलट डोळ्यांत डोळे घालून बोलतो. बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. त्या काय वाचवत होत्या हे मला कळत होते. बोलल्या तर पेटीची सोय मोडणार होती. मुलगा घरी येणार नव्हता. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. जबाब द्यायला कुणावर सक्ती नाही, एवढे सांगून फोन ठेवला. सहकाऱ्याने विचारले, “आता?” मी म्हणालो, “आता काही नाही.”

मग एके दिवशी त्यांनीच फोन केला.

“साहेब, एक विचारू का? तुमच्या देशात असा नियम आहे का?”

“कसला नियम?”

“मेलेल्या माणसाचं जेवण कापायचा.”

मला काहीच समजले नाही. मी त्यांना सावकाश बोलायला सांगितले.

“तो माणूस स्वतः बोलला माझ्याशी. काकांनी जोडून दिला. तोंड नाही दाखवलं, नुसता आवाज. चांगलं बोलत होता हो, आई म्हणत होता मला. म्हणाला, आई, मी तुम्हाला अंदाजपंचे देणार नाही, नीट हिशेब करून देणार आहे. तुमचा मुलगा शिकून नोकरीला लागला असता, अमुक वर्षं कमावला असता, त्याची एवढी रक्कम. मी म्हटलं, बरं. माझं लक्षच नव्हतं त्यात. पेटी कधी येणार तेवढंच मी ऐकत होते. मग म्हणाला, आई, यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करावा लागतो. खाणं, पिणं, राहणं. कारण तो खर्च आता होणार नाही.”

त्या थांबल्या.

“तेव्हा मी हो म्हटलं. हो, बरोबर आहे म्हटलं, साहेब. माझ्या तोंडाने. पण काल शेजारच्या आजारी माणसांसाठी चुलीवर भात ठेवला आणि ते डोक्यात आलं. हात चालेना. उभ्या जन्मात मी लोकांना जेवायला घातलं. कुणी चपाती जास्त मागितली तर मोजली नाही कधी. आणि माझ्या पोराचं जेवण त्याने कापलं. आई म्हणत कापलं.”

“ताई, तुम्ही जबाब दिलात तर विमानाची ती सोय राहणार नाही. मी दुसरी सोय करू शकेन असं सांगत नाही.”

“ठाऊक आहे.”

त्यांच्या मागे कुणीतरी नळ सोडला, तो बंद केला.

“लिहून घ्या,” त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतले. शेवटी, अजून काही आठवते का, असे नेहमीप्रमाणे विचारले. त्या म्हणाल्या, “मी त्याला विचारलं होतं, हे वजा करायचं तुला कुणी सांगितलं रे बाबा? तर म्हणाला, हीच पद्धत असते, आई. मी रोज हेच काम करतो.”

मी रोज हेच काम करतो. मी फोन ठेवला आणि आमच्या स्वयंपाकघरातले ते टेबल, तो लॅपटॉप आणि भाजी निवडणारी माझी पत्नी मला दिसू लागली. व्याख्यान देणाऱ्याचा आवाजही आठवला, सावकाश, समजुतीचा. तो अभियंता एका सल्लागार कंपनीत होता. कंपनीचे मुख्य कार्यालय सिडनीला, पॅरामॅटात, आणि हा घरून काम करायचा. एखाद्या वळणावर कठडा बांधावा की नाही, चौकात सिग्नल बसवावा की नाही, हे ठरवताना वाचणाऱ्या जिवांची रक्कम एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडून द्यायचा. चोख, सनदशीर काम. व्याख्यानात त्याने आम्हाला ते नीट समजावून सांगितले होते.

ही ओळख म्हणजे पुरावा नव्हे. पण काकांच्या फोनच्या नोंदींत त्याचाही नंबर होता, आणि झडतीचा परवाना मागण्याइतका तो धागा होता. वरिष्ठ बाईंनी कागद केले. आम्ही सकाळी गेलो. दार एका लहान मुलीने उघडले आणि आमच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, डॅड मीटिंगमध्ये आहे. घरात उदबत्तीचा वास होता. गॅरेजमध्ये आच्छादन घातलेली राखाडी गाडी होती. एका बाजूचा हेडलाइट नवा, स्वतः बसवलेला. बंपरच्या आतल्या बाजूला आमच्याकडच्या तुकड्यांशी जुळणारी भेग. टाळेबंदीत कुणी गाडी बाहेर काढतच नव्हते, त्यामुळे शेजाऱ्यांना काही वेगळे वाटले नव्हते.

चौकशीत मी आणि एक तरुण महिला अधिकारी होतो. रेकॉर्डिंग चालू केले, बोलायची सक्ती नाही, वकील घेता येईल, हे सगळे सांगितले. त्याला वकील नको होता. तो थकलेला दिसत होता, पण घाबरलेला नव्हता. इंग्रजीत बोलत होता आणि मधूनच मराठीत येत होता.

त्या दिवशी तो पाच किलोमीटरच्या हद्दीबाहेर गेला होता. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. लांबच्या उपनगरातल्या एका ओळखीच्या बाई घरी शाडूच्या मूर्ती करायच्या, त्यांच्याकडून मूर्ती आणायला. संचारबंदी सुरू व्हायच्या आत घरी पोचायची घाई. मूर्ती शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली.

“धडक बसल्यावर थांबलात?”

“हो. थोडं पुढे जाऊन थांबलो. मागे आलो.”

“खाली उतरलात?”

“उतरलो.”

“तो हलत होता का?”

“हो.”

माझ्या सहकारी मुलीने लिहिणे थांबवले.

“मग काय केलंत?”

“गाडीत येऊन बसलो आणि विचार केला.”

“काय विचार केला?”

त्याने तो सांगितला. फोन केला तर हा वाचण्याची शक्यता किती. हद्द मोडल्याचा दंड, खटला, मग व्हिसा, बायको, मुली, इथली वर्षे. दोन्ही बाजू. त्याने त्या हाताने टेबलावर दाखवल्या, एक इकडे, एक तिकडे. मला आजही ते हात दिसतात. मग तो मूर्ती घेऊन घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात प्रतिष्ठापना झाली.

“तुम्ही तिथे बसून हिशेब केलात?”

“सगळेच करतात, सर. घाबरलेला माणूस दुसरं काय करतो? मी फक्त तो कबूल करतोय.” मग मराठीत म्हणाला, “आणि मी जबाबदारी टाळली नाही. त्याच्या आईला योग्य ती रक्कम देऊ केली. इथल्या कायद्याने तिला जे मिळालं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही तपासून बघा. चुकलंय का माझं गणित?”

मी चाळीसेक वर्षे या देशात आहे. दारूच्या नशेत बायकोला मारणारे पाहिले, पैशासाठी बापाला फसवणारे पाहिले. पण त्या खोलीत मला जसा धक्का बसला तसा कधी बसला नाही. कारण समोर बसलेला माणूस क्रूर नव्हता. तो खरोखर विचारत होता. गणितात चूक असती तर त्याने ती दुरुस्त केली असती.

मी नंतर तपासले. त्याचे म्हणणे खरे होते. मुलावर अवलंबून असलेले कुणी कायद्याने ठरत नव्हते, त्यामुळे सरकारी भरपाई म्हणजे जवळजवळ अंत्यसंस्काराचा खर्च, तेवढाच.

पेटीची सोय मोडली. मंडळातल्या सामान्य माणसांनी वर्गणी काढायचा प्रयत्न केला, पण विमानात जागाच मिळेना, आणि शवागाराला कायम थांबता येत नाही. शेवटी मुलाच्या आईनेच इथे उरकायला सांगितले. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. त्यात त्याला जिवंतपणी ओळखणारे दोघेच, त्याच्या खोलीत राहणारे. एकाने फोन धरला होता. बाई पडद्यावर बसून होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, “थोडं जवळ धर रे. जवळ धर.”

सरकारी भरपाईचे उत्तर आले तेव्हा ते मराठीत समजावण्याचे काम माझ्याकडेच आले. मी सांगितले, आणि कुणी अवलंबून असते तरी मृताचा स्वतःचा खर्च वजा करूनच रक्कम काढतात, हेही.

“म्हणजे सरकार पण जेवण कापतं?” त्यांनी विचारले.

“भरपाई काढताना कापतं, ताई. जगभर तीच पद्धत आहे.”

“मग याला तुरुंगात कशाला घालताय?”

हा प्रश्न मला एकाही वकिलाने विचारला नव्हता. मी म्हणालो, “हिशेब केला म्हणून नाही. तो हलत असताना हा निघून गेला, म्हणून.”

“हां,” त्या म्हणाल्या. “मग घाला.”

त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगवास झाला. काकांनीही कबूल केला. त्यांच्या वयाकडे आणि कामाकडे बघून न्यायालयाने त्यांना सोडले, पण मंडळात ते पुन्हा आले नाहीत. बाईंना मिळालेली रक्कम त्यांनी न्यायालयामार्फत परत केली.

त्यानंतर बरेच काही झाले. महामारी ओसरली, मी निवृत्त झालो, आणि पत्नी आजारी पडून गेली. तिच्या विम्याच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. फार सौजन्याने बोलली, रक्कम सांगितली, सर, ठीक आहे ना, असे विचारले. मी ठीक आहे म्हणालो, आभार मानले. मला तिचा राग आला नाही. आकडा लागतो, हे मला कळते. रस्त्याला कठडा कुठे बांधायचा, दवाखान्यात यंत्र कुठले घ्यायचे, हे कुणीतरी आकडा मांडल्याशिवाय ठरत नाही, आणि ज्याने तो प्रामाणिकपणे मांडला त्याच्यामुळे कुठेतरी कुणीतरी जिवंत असेल. त्या अभियंत्यामुळेही असेल. पण तो आकडा अनोळखी, अजून न घडलेल्या मरणांसाठी असतो. रस्त्यावर हलणाऱ्या माणसाशेजारी गाडीत बसून तो काढायचा नसतो. एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या मुलाला कळू नये, आणि ती का कळली नाही हे मला अजून सांगता येऊ नये, हाच धक्का आहे. तो कमी होत नाही.

त्या खटल्यातले एक सांगायचे राहिले. शिक्षा सुनावण्याआधी इथे मृताच्या घरच्यांना न्यायालयात बोलू देतात. या मृत्यूने तुमचे काय नुकसान झाले ते सांगा, म्हणतात. बाई मिरजेहून पडद्यावर आल्या. दुभाष्याने प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी नुकसान सांगितले नाही. त्या म्हणाल्या, लहानपणी तो दुधात भाकरी कुस्करून खायचा, आणि साय आली की काढून टाकायचा. शाळेत होता तेव्हा डब्यात मेथी दिली की तशीच परत आणायचा. कॉलेजात त्याची भूक वाढली, खानावळीतली माणसे उठून गेल्यावर पातेल्याला लागलेली आमटी भाकरीने पुसून खायचा. तिखट सोसायचे नाही, तरी खायचा. आजारी पडला की मऊ भात आणि लिंबाचे लोणचे, दुसरे काही नाही. तिकडे गेल्यावर फोन करून, आई, आज काय केलंस, असे विचारायचा आणि पूर्ण ताट ऐकून घ्यायचा. दुभाषी अडखळत होता, ‘साय’ आणि ‘कुस्करून’ यांना त्याला शब्द सापडत नव्हते. न्यायाधीशांनी एकदाही मध्ये टोकले नाही. आरोपीने मान खाली घातली होती. बाई बोलत राहिल्या, आणि मग थांबल्या.

दुभाष्याने विचारले, “अजून काही सांगायचं आहे?”

“नाही. त्यांनी वजा केलं होतं तेवढं सांगितलं.”

निवृत्तीच्या आधी पथकात नवीन आलेल्या मुलामुलींना मी शेवटचे काही दिवस शिकवले. पंचनामा कसा करायचा, काचेचा तुकडा कसा उचलायचा, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले येत होते. मी त्यांना एकच सांगितले. मृताच्या घरी फोन कराल तेव्हा कामाचे सगळे विचारून झाल्यावर, तो काय खायचा, हे विचारा. तपासाला त्याचा काही उपयोग होत नाही. तरी विचारा, आणि ते सांगत असतील तोवर फोन ठेवू नका.